बेचाळीस सेकंदांचं ताट

टेकचंदची पोरगी उपाशी आहे, ही बातमी टेकचंदच्या आधी अख्ख्या खैरटोल्याला कळली होती.

बुधवारी सकाळी तो उन्हाळी धानाला पाणी देऊन परतला, तर पानठेल्यावरची माणसं एकदम गप्प झाली. पानठेल्यावरची माणसं दोनच वेळेला गप्प होतात. कुणी गेलं असेल तर, नाहीतर ज्याच्याविषयी चाललंय तोच समोर आला तर. टेकचंदने आधी मनातल्या मनात गावातली म्हातारी माणसं आठवून पाहिली. त्यातला सगळ्यात म्हातारा, नात्याने त्याचा काका लागणारा तुलाराम, तर समोरच बाकावर बसलेला होता आणि चांगला धडधाकट होता. त्यानेच फोन पुढे केला.

"पाय बाप्पा. तुही गुंजन हाये ना हे?"

बेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. सुरुवातीला नुसतं रडकं संगीत, मग लाल अक्षरांत 'उपाशी लेकी', आणि मग गुंजन. हातात स्टीलचं ताट, घासून लख्ख केलेलं, त्यात शितसुद्धा नाही. गुंजन म्हणत होती, "दाळ नाही, भाजी नाही, मावशी तरी किती दिवस करणार?" पुढे ती आणखी काही बोलायला गेली, तोंड उघडलेलं दिसलं, पण तिथेच संगीत मोठं झालं आणि पुन्हा ते ताट आलं. या खेपेला नुसतं ताटच, जवळून.

टेकचंदच्या कानशिलात गरम झालं. तीन एकराचा का होईना, तो धानाचा शेतकरी होता. पोरगी भंडाऱ्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दर महिन्याला पंधरा किलो तांदूळ तो स्वतः एसटीत घालून तिला पोचवत होता. एकही महिना चुकला नव्हता. घरात पत्र्याची कोठी भरलेली, आणि पोरगी साऱ्या जिल्ह्यासमोर कोरं ताट धरून उभी! असं वाटलं की कुणीतरी चारचौघांत त्याचं धोतर ओढलंय. तो पँट घालतो ही गोष्ट वेगळी.

त्याने तिथूनच फोन लावला.

"बाबा, तांदूळ हाये जी," गुंजन पलीकडून घाईघाईने सांगत होती. "तुमी पूर्ण आयका तं. ते शिष्यवृत्तीचं..."

"तांदूळ हाये तं ताट काहून रिकामं?"

"तो व्हिडिओवाला म्हनला का भात दिसला तं..."

"मले काही आयकाचं नाई. कपडे बांधून ठेव. उद्या येतो न्यायले."

घरी सुलोचनाबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. तिला सिहोऱ्याच्या बहिणीने फोन करून आधीच सांगितलं होतं. व्हिडिओ तिने चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा तिला पोरगी आधीपेक्षा वाळलेली दिसली. "आनाच तिले," ती म्हणाली. "पोटाले चिमटा घेऊन कोनाले कलेक्टर व्हाचं हाये?"

म्हणजे प्रश्न मिटला. तीन वर्षांपैकी अडीच वर्षं झाली होती, राहिलेलं अर्धं आता राहूनच जाणार होतं.

आता खैरटोल्याची एक रीत आहे. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं घर जळालं, कुणाच्या पोरीचं लग्न निघालं, की घरटी एक पायली तांदूळ त्या घरी जातो. कुणी सांगायला लागत नाही. असा तांदूळ कुणी नाकारत नाही, आणि तो विकणं म्हणजे तर पाप. बुधवारी दुपारपासून टेकचंदच्या अंगणात बाया पायल्या घेऊन यायला लागल्या. ज्यांच्याशी बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं त्यांच्याकडूनही एक पायली आली. टेकचंदला लाजही वाटत होती आणि भरूनही येत होतं. संध्याकाळपर्यंत चार पोती भरली. तुलारामने स्वतः पोत्यांची तोंडं शिवली आणि म्हणाला, "पोरीले म्हना, पोटभर जेव. गाव मेलं नाई अजून."

गुरुवारी सकाळी भाड्याची पिकअप करून टेकचंद भंडाऱ्याला निघाला.

कॉलेजमागच्या गल्लीत शकुनबाईची खानावळ होती, पोरी तिला मावशी म्हणत. दोन खोल्या आणि एक पडवी, खेड्यापाड्यांतल्या अकरा पोरी तिच्याकडे जेवत. पिकअप दारात थांबली तेव्हा टेकचंदने पाहिलं, पडवीत आधीच सात पोती रचलेली. पवनीकडच्या एका पोरीचा बाप रात्रीच येऊन टाकून गेला होता, दुसऱ्या दोघींचे मामा सकाळी. बेचाळीस सेकंद सगळ्यांनीच पाहिले होते आणि सगळ्यांना एकच गोष्ट सुचली होती.

शकुनबाई कमरेवर हात ठेवून त्या थप्पीकडे पाहत उभी होती. टेकचंदची चार पोती उतरायला लागली तशी ती मटकन ओट्यावर बसली.

"अजून तांदूळच आनला का जी?"

तिचं हे बोलणं टेकचंदला नीट उमगलं नाही, कारण तेवढ्यात गल्लीत मोटारसायकल थांबली. कुलदीप नावाचा तो व्हिडिओवाला हाच. पंचविशीचा पोरगा, हातात फोन, फोनला माईक. त्याच्या बातमीचा परिणाम काय झाला, ते दाखवायला आला होता. पोरगा काही वाईट नव्हता. आदल्या खेपेला व्हिडिओ काढून झाल्यावर स्वतःच्या खिशातून पोरींना बिस्किटांचे पुडे देऊन गेला होता.

"काका, तुमी गुंजनचे वडील का? दोन शब्द बोला ना."

टेकचंदला वाटलं, आलं, नाव धुऊन काढायची वेळ आली. तो पोत्याला टेकून चांगला सात-आठ मिनिटं बोलला. आपलं गाव, आपली शेती, गावाने घरटी कशी पायली दिली, सगळं सांगितलं. गुंजन दारात येऊन उभी राहिली होती आणि हाताने 'थांबा, थांबा' करत होती, पण बाप रंगात आला होता. शेवटी छाती काढून म्हणाला, "आमच्या पोरीले तांदळाची कमी नाई! कधी नव्हती!"

"एक नंबर बोलले काका," म्हणत कुलदीप गेला.

मग टेकचंद आत गेला. जेवणाची वेळ होती, शकुनबाईने त्यालाही पाट दिला. ताटात भात आला, चांगला मोठा ढीग. त्याच्याच शेतातला, त्याला वासावरून कळलं. भातावर तिने तिखट-मिठाचं पाणी घातलं. टेकचंद वाट पाहत बसला. शेजारी गुंजन आणि आणखी तिघी जेवायला लागल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाट पाहण्यासारखं आता काही यायचं नाही.

"किती दिवस झाले असं?" त्याने विचारलं.

"तेवीस," शकुनबाई म्हणाली. "पोरी तांदूळ घरून आनते. दाळ, तेल, भाजी माह्याकडून. त्याचे पैसे शिष्यवृत्ती आली का एकदम देते. दरसाल असंच चालते. पन औंदा शिष्यवृत्ती आलीच नाई, आन् मागच्या सालचीही अर्धी रायली. किराणावाला म्हनते, बाई, आता माहे हातपाय नाई पुरत. मी कुठून आनू?"

"मंग तुनं हे काहून नाई सांगतलं?" टेकचंद गुंजनवर घसरला.

गुंजनने ताटातला हात काढून घेतला. "अकरा मिनिटं सांगतलं, बाबा. तारखा सांगतल्या, किती पोरींचे अडले ते सांगतलं, कोनत्या टेबलावर कागद पडला हाये ते सांगतलं. तो म्हनला, ताट दाखव. मी भाताचं दाखवलं. तो म्हनला, भात दिसला तं बातमी बनत नाई, ताट घासून आन. मले वाटलं, बोलनं तं लावनच ना सोबत."

"पेपरात तं आलं असन?"

"आलं. परवा." तिने वहीत ठेवलेलं कात्रण दिलं. बोटभर लांबीची बातमी होती, पाचव्या पानावर, विहिरीच्या मोटारीच्या जाहिरातीखाली. त्यात आकडे सगळे खरे होते. 'प्रलंबित', 'निधीअभावी', 'त्रुटीपूर्ततेअंती' असे शब्द होते. टेकचंदने दोनदा वाचलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, वाचता सगळं आलं, हाती काही लागलं नाही. पोरगी उपाशी आहे असंही त्यात दिसत नव्हतं आणि नाही असंही.

गुंजनने वही पुढे ओढली आणि पेनाने एकाखाली एक लिहायला लागली. "हे पाहा. अर्ज केला ऑगस्टात. ऑनलाईन झालं. कॉलेजनं तपासून पुढे पाठवलं. मंजूर झालं. आता बँकेत पैसे पडाचे हाये तं म्हनते निधी नाई. रोज पाहा, तेच."

टेकचंदने त्या ओळी वरून खाली वाचल्या. मग म्हणाला, "हे तं चुकाऱ्यावानी झालं."

चुकारा म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. टेकचंदने एकवीस डिसेंबरला सोसायटीच्या खरेदी केंद्रावर आपलं धान मोजून दिलं होतं. सातबारा दिला, ऑनलाईन झालं, अंगठा झाला, पावती मिळाली. मार्च अर्धा सरला तरी खात्यात दमडी नव्हती. सोसायटीसमोरच्या काळ्या फळ्यावर गटसचिव भोजराज रोज खडूने लिहायचा, कुठल्या तारखेपर्यंतचे चुकारे जमा झाले ते. तो फळा तीन महिने अठरा डिसेंबरवर अडून बसला होता. धान विकलेला माणूस कंगाल नसतो, फुकट मागत नसतो, त्याचं हक्काचं अडकलेलं असतं, हे टेकचंदला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तसंच, बाबा," गुंजन म्हणाली. "अगदी तसंच."

"आन् कपडे बांधाले सांगतले होते मी तुले."

"बांधले नाई," ती म्हणाली. "शनिवारी पाच वाजेपर्यंत परीक्षेचा फॉर्म हाये. शिष्यवृत्ती आली नाई म्हनून कॉलेजवाले म्हनते, बाकी भरा, मंगच फॉर्म घेतो. पाच हजार आठशे. घरी आली तं वर्ष गेलं. मंग तुमी पाठवानच का पुन्हा?"

टेकचंदला उत्तर ठाऊक होतं. एकदा घरी आलेली पोरगी परत पाठवायला गाव, नातलग, सुलोचनाबाई, सगळ्यांशी भांडावं लागलं असतं, आणि तो भांडणारा माणूस नव्हता. त्याच्या खिशात पिकअपचं भाडं देऊन सहाशे रुपये उरले होते. त्याची नजर दारातून पडवीकडे गेली, चार पोत्यांवर.

शकुनबाईने त्याची नजर ओळखली. "किराणावाला घेईन," ती हळू आवाजात म्हणाली. "पन दिलेला तांदूळ हाये. गावाले इचारल्याशिवाय हात लावू नका."

तेवढ्यात त्याचा फोन वाजायला लागला. एक, दोन, मग लागोपाठ. कुलदीपचा नवा व्हिडिओ आला होता, छत्तीस सेकंदांचा. आधी जुनं रिकामं ताट, मग अकरा पोत्यांची थप्पी, मग टेकचंद छाती काढून: "आमच्या पोरीले तांदळाची कमी नाई! कधी नव्हती!" आणि लाल अक्षरांत प्रश्न, 'मग ते काय होतं?'

ज्या पोत्यांनी पोरीची लाज राखायची, त्याच पोत्यांनी तिला खोटं पाडलं होतं, आणि साक्षीला तिचा बाप! टेकचंदने फोन पालथा ठेवला. सात-आठ मिनिटांपैकी त्याचं एवढं एकच वाक्य उरलं होतं. ते त्याचंच होतं, खोटंही नव्हतं. 'ताट काहून रिकामं, सगळं काहून नाई सांगतलं' असं जे तो कालपासून पोरीला विचारत होता, ते आता त्याला कुणालाच विचारायचं उरलं नाही.

"माह्यासारखंच केलं तुमी," गुंजन म्हणाली. ती रागावली नव्हती. त्याचंच त्याला जास्त लागलं.

संध्याकाळच्या बसने तो एकटाच परतला. लाखांदूरला उतरून गावात पाय ठेवतो न ठेवतो तर तुलाराम पानठेल्यावर उभाच.

"का रे, नौटंकी कराले गाव भेटलं का तुमाले? माहा तांदूळ मले वापस पायजे. मी जिंदगीत दिलेला मांगतला नाई, आज मांगतो."

टेकचंदने सांगायचा प्रयत्न केला. शिष्यवृत्ती, हप्ता, फॉर्म. दोन वाक्यं होत नाहीत तर कुणीतरी फोन काढून व्हिडिओ लावायचा आणि टेकचंदचा आवाज टेकचंदलाच गप्प करायचा. माणूस समोर उभा असताना लोक त्याचा व्हिडिओ ऐकत होते. डोकं आपटून घ्यावं असं त्याला वाटलं. घरी सुलोचनाबाईने विचारलं, "पोरगी कुठी हाये?" तो म्हणाला, "सारं झालं का सांगतो. आता सांगतलं तं तूही अर्धंच आयकशीन."

शुक्रवारी सकाळी तो पानठेल्यावर गेलाच नाही. सरळ सोसायटीत गेला आणि गटसचिव भोजराजला म्हणाला, "फळ्याचा खालचा भाग दे मले. एक दिवस."

"सरकारी फळा हाये जी तो," भोजराज म्हणाला. मग त्याच्याकडे पाहून खडू पुढे केला. भोजराजची पुतणीही भंडाऱ्यालाच होती.

टेकचंदने गुंजनला फोन लावला, कानाला धरला आणि ती सांगेल तसं लिहीत गेला. वर भोजराजच्या अक्षरात होतं: 'धान. १८ डिसेंबरपर्यंतचे चुकारे जमा. पुढील निधी नाही.' त्याखाली टेकचंदच्या वाकड्या अक्षरात उतरलं:

'गुंजन टेकचंद. शिष्यवृत्ती. अर्ज ऑगस्ट. ऑनलाईन झाले. मंजूर झाले. जमा नाही. मागच्या वर्षीची अर्धी, तीही नाही. निधी नाही. घरचा तांदूळ आहे. दाळ-भाजी शिष्यवृत्तीवर, ती २४ दिवस नाही. परीक्षेचा फॉर्म उद्या पाचपर्यंत. ५८०० रुपये. ताट रिकामे नव्हते. रिकामे करून दाखवायला नको होते. टेकचंद.'

खैरटोल्यात टीव्ही न पाहणारा, पेपर न वाचणारा माणूस मिळेल, पण मार्च महिन्यात तो फळा न वाचणारा मिळायचा नाही. माणसं आपली तारीख सरकली का ते पाहायला यायची, ती हलली नाही म्हणून एक शिवी हासडायची आणि सवयीने खाली वाचत जायची. फळ्यापुढे कुणी घाई करत नाही. तिथे संगीतही नव्हतं. एकाने मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने विचारलं, "मंजूर होऊन पैसे नाई?" तिसरा म्हणाला, "तुहे आले का मंजूर होऊन?"

तुलाराम दहाच्या सुमाराला आला. त्याचाही चुकारा तेवीस डिसेंबरचा होता. चष्मा नव्हता म्हणून बोट फिरवत वाचत होता, खडू पुसला जाणार नाही इतकं अंतर राखून. टेकचंद सोसायटीच्या पायरीवर बसून होता.

तुलारामने शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वर गेला, धानाची ओळ वाचली, पुन्हा खाली आला.

"पोरी रोज इचाराले जाते का तिथी? आपल्यावानी?"

"रोज जाते, काका."

"आन् तिथचा मानूस काय म्हनते?"

"उद्या या म्हनते."

आपलेच तीन महिने तुलारामला दिसत असावेत. मग तो वळून जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकारा अडला का आपन बिजाईचं धान विकून टाकतो का नाई? मंग? वीक रे तो तांदूळ. माही पायली पयली वीक."

कुणी 'नाही' म्हणालं नाही. एकीने फक्त विचारलं की दिलेला तांदूळ विकल्याचं पाप कुणाला, तर तुलाराम म्हणाला, "फळ्यावर लिहून ठेवा माह्या नावानं."

टेकचंदने फोन करून सांगितलं, तशी दुपारी शकुनबाईने चार पोती किराणावाल्याला दिली. पाच हजार पाचशे आले. बाकीचे तीनशे टेकचंदच्या खिशातल्या सहाशेंतून जाणार होते.

शनिवारी पहाटे तो बसला निघाला तेव्हा तुलाराम थांब्यावर आला होता. हातात फडक्याची गाठोडी. टेकचंदला वाटलं, पुन्हा पायली. हात लावला तर दाणे बारीक नव्हते. गाठ सोडून पाहिलं, तुरीची दाळ होती, घरी भरडलेली.

"मागच्या टायमाले चुकलंच ना," तुलाराम म्हणाला, आणि बस येईपर्यंत दुसरीकडे पाहत राहिला.

फॉर्म सव्वातीनला भरून झाला. पावती गुंजनने दोनदा घडी घालून वहीत ठेवली. शकुनबाईने दाळ शिजत घातली होती, गल्लीत फोडणीचा वास आला तसं अकराच्या अकरा पोरी वेळेआधीच येऊन बसल्या. पंचवीस दिवसांनी भातावर वरण पडलं. एका पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती म्हणाली, तिखट लागलं. वरणात तिखट नव्हतं.

टेकचंदने फोन काढला. सुलोचनाबाईला ते ताट दाखवावं, तिचा जीव थंड होईल, असं त्याला वाटलं. त्याने फोन गुंजनच्या ताटावर धरला. चौकोनात ताट मावलं, भात मावला, वरणाची वाफसुद्धा मावली. तुलारामची गाठोडी मावली नाही. फळा मावला नाही. पावती, किराणावाला, अठरा डिसेंबर, यातलं काहीच मावेना.

"काढा ना, बाबा," गुंजन म्हणाली.

त्याने फोन खिशात ठेवला आणि तिला म्हणाला, "जेव."

रात्री घरी पोचल्यावर त्याने सगळं सुलोचनाबाईला तोंडीच सांगितलं, पहिल्या पोत्यापासून शेवटच्या घासापर्यंत. पाऊण तास लागला. तिने मध्ये एकदाही फोन मागितला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मंग पुढच्या खेपेले तांदूळ कमी घालू ना जी, आन् दाळ जास्त?"